माब्लीचं कडवं

बिशप थर्लो यांच्या दाढीला काकवी लागली होती आणि तिच्यावर एक माशी निवांत बसली होती. भजनं रचून गायकवृंदाकडून गाऊन घेणाऱ्या इफोर प्रोथेरोला त्या दाढीची किळस आलीच, पण तिच्यातून निघणाऱ्या शब्दांची जास्त आली.

"इफोरभाऊ, चाल फर्मास झालीय. फक्त शेवटचं कडवं काढा, फार रडवं आहे. त्याजागी मी आपल्या पाण्याच्या पाटावर एक लिहिलंय. पाळी चुकवू नका, असा उपदेश आहे त्यात."

"पाणीपाळीचं भजन?"

"देवानेच सुचवलं."

देवाला यमक जुळवता येत नाही, हे इफोरला त्या दिवशी कळलं.

शेवटचं कडवं त्याच्या लेकीचं, माब्लीचं होतं. हातगाड्या ओढत, मैदानं तुडवत या वाळवंटातल्या वस्तीकडे येताना ती तापाने गेली. तिला प्लॅट नदीकाठी पुरून सगळे पुढे निघाले. तिथे दगडसुद्धा नव्हता. तिची खूण म्हणून एवढं कडवंच होतं.

रविवारच्या सभेत बिशपांनी रीतीप्रमाणे विचारलं, "बदल मान्य असेल त्यांनी उजवा हात वर करा."

या प्रश्नाला वस्तीत आजवर कुणी हात खाली ठेवला नव्हता. आज आपण ठेवायचा, असं इफोरने ठरवलं होतं. भराभर हात वर गेले. तापलेल्या माब्लीला वाटेत खांद्यावर वाहणारा हम्फ्री, तिचा खड्डा खणणारा ओवेन, सगळ्यांचे.

"मेंढरं!" इफोर पुटपुटला.

"हळू बोला," शेजारची केझाया कुजबुजली. "आणि हात खाली घ्या आता, भाऊ. सगळ्यांनी केव्हाच घेतले."