न सांगितलेला खर्च

वडील गेले त्याला चौथा महिना लागला होता. एका खासगी कचेरीत मला चार दिवसांचं काम मिळालं: बाहेरगावची माणसं मुंबईत येऊन किती खर्च करतात, ते विचारून फॉर्म भरायचे. मुंबई कुणाची, यावर तेव्हा शहर भांडत होतं. इथे पैसा कोण आणतं, हाही त्या भांडणातला मुद्दा होता. फोर्टातली हॉटेलं इतरांना मिळाली, मला दादरची चौपाटी. सहा डिसेंबर १९५७. बाबासाहेबांना जाऊन वर्ष झालं होतं.

परतूरहून आलेल्या रखमाबाई वाळूत बसून भाकरीचं फडकं सोडत होत्या.

"मावशी, इथे यायला किती खर्च आला?"

"काई नाही लागलं, माय."

"गाडीभाडं तरी?"

"काई नाही म्हनलं ना."

शेजारची बाई हसली. "दोन शेळ्यांतली एक इकून आली, अन् म्हनती काई नाही."

"तू गप गं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बापाच्या मातीला येताना काय लागलं, ते लेक सांगत असती का? लिही, काई नाही. जेवलीस का तू?"

त्यांची अर्धी भाकरी मी खाल्ली. वडिलांच्या औषधपाण्याला किती गेलं, असं भेटायला येणारे विचारत, तेव्हा मीही "फार नाही" एवढंच म्हणत असे. दिवसभरात साठ फॉर्म झाले. साठही जणांनी काही नाही म्हटलं. मी शून्य लिहीत गेले.

दुसऱ्या दिवशी गिरगावच्या कचेरीत आमचे साहेब शामराव यांनी गठ्ठा चाळला. संयुक्त महाराष्ट्राची एकही सभा न चुकवणारे गृहस्थ.

"साठ शून्यं. म्हणजे हे लोक शहरावर निव्वळ भार. अहवालात एक वाक्य टाकू."

"त्यांनी खर्च सांगितला नाही, साहेब. केला नाही असं नाही."

"उतरतात कुठे?"

"आमच्या वरळीच्या चाळीतल्या एका खोलीत सतरा जण आहेत."

"भाडं देतात?"

"आम्ही घेत नाही."

"मग तिथंही शून्यच की." त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. "अक्षर छान आहे तुमचं. जानेवारीत कायमची जागा निघतेय. लक्षात ठेवीन."

ती जागा मला हवी होती. घरात मिळवतं माणूस उरलं नव्हतं. पण शेळी विकून आलेल्या बाईला भार ठरवायला माझंच अक्षर वापरलं जाणार होतं. मी गठ्ठा ओढून घेतला, एकेक शून्य खोडलं, बाजूला 'सांगितला नाही' असं लिहून सही केली. तासभर लागला. चहा तसाच राहिला.

"असा रकाना फॉर्मात नाही," शामराव म्हणाले.

"म्हणून बाजूला लिहिलं."

"हे फॉर्म मोजणीत धरता येणार नाहीत, बाई."

"नका धरू. शून्य म्हणूनही धरू नका."

अहवाल मार्चमध्ये निघाला. त्यात दादर नव्हतं. भाराचं वाक्यही नव्हतं. जानेवारीतली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.