सांगितलं तसंच

वैजयंतीबाई पिंपरी पेंढारच्या पोरांना वीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या, आणि त्यांचा मार्कांवर जेवढा भरवसा होता तेवढा स्वतःच्या नवऱ्यावरही नव्हता. त्यामुळे दहावीतल्या मोहितसाठी लेखनिक शोधायची वेळ आली तेव्हा त्यांनी फार डोकं खाजवलं नाही. मोहितला जन्मापासून दिसत नव्हतं. तो उत्तरं तोंडी सांगणार आणि खालच्या वर्गातलं कुणीतरी ती लिहिणार, असा नियम. नववीत पहिली येणारी श्रेया होतीच. बाईंच्या लेखी प्रश्न मिटला.

सराव परीक्षेत मोहितला विज्ञानात अठ्ठ्याऐंशी टक्के पडले. बाई सकाळपासून हवेत होत्या. मधल्या सुट्टीत मोहित काठी टेकत त्यांच्या टेबलापाशी आला.

"बाई, ह्यो पेपर माझा नाय."

"म्हणजे काय रे?"

"तीन प्रश्न मला येतच नव्हते. मी आपलं काहीबाही सांगितलं. तरी त्याला पुरे मार्क पडल्यात. श्रेयाचा राग नका करू, ती लई गुणाची हाय. पर तिच्या हातून चुकीचं लिववतच नाय."

मार्क जास्त पडले म्हणून तक्रार घेऊन आलेला हा त्यांच्या नोकरीतला पहिलाच विद्यार्थी.

"मग कोण पाहिजे तुला?"

"हर्षाली द्या. ती मला रोज धडे वाचून दावती. शब्द अडला तर थांबती, इचारती. मनाचं काय घालत नाय."

नववीतलीच हर्षाली! सहामाहीत विज्ञानात चाळीसपैकी अकरा. तिच्या प्रगतिपुस्तकावर 'अभ्यासात लक्ष नाही' असं बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. असल्या पोरीच्या हातात बोर्डाचा पेपर द्यायचा म्हणजे पोराचं वर्ष पणाला लावायचं. बाईंनी समजावलं, रागावून पाहिलं, पण पोरगं ऐकेना. शेवटी देवाचं नाव घेत त्यांनी अर्जावर हर्षालीचं नाव घातलं, आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागला.

परीक्षेचं केंद्र शेजारच्या आळे गावात होतं. मराठी, गणित, इंग्रजी पार पडलं. विज्ञानाच्या दुसऱ्या पेपरला बाई फाटकाबाहेर लिंबाखाली बसून होत्या. पेपर सुटला. मोहित नळावर तोंड धुवायला थांबला आणि हर्षाली एकटीच पुढे आली. तिचे डोळे लाल झाले होते.

बाई ताडकन उठल्या. "काय झालं? लिहायचं राहिलं का?"

"न्हाई बाई. समदं लिवलं." ती ओढणीने नाक पुसत होती. "वटवाघूळ कंच्या वर्गात मोडतं, आसं व्हतं. मोहितदादा म्हणला, पक्षी."

"अरे देवा!"

"आमच्या चिंचंवर वटवाघळं लटकत्यात बाई. पिल्लाला पोटाशी धरून दूध पाजताना मी बघितलंय. सस्तन हाय त्ये, मला पक्कं ठावं व्हतं. मी उत्तर वाचून दावलं, तर त्यो म्हणला, बराबर हाय, फुडं चल. वाचताना नुसती अडखळले असते तरी त्याला उमगलं असतं. पहाऱ्याला बसलेल्या सरांना कळलं बी नसतं."

"मग?"

"न्हाई अडखळले." आता तिला हुंदका आवरेना. "बाई, परीक्षेत पयल्यांदाच मला एक उत्तर येत व्हतं वो."

बाईंनी तिला जवळ ओढलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि या पोरीचा अभिमान वाटून डोळे भरून आले. अकरा मार्कांपलीकडे ही पोर त्यांना कधी दिसलीच नव्हती. "हर्षाली, आज तू जे केलंस ना, ते मलाही जमलं नसतं गं," त्या म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं.

एवढ्यात काठीचा आवाज जवळ आला. "हर्षे, रडती काय? काय चुकलं?"

"वटवाघूळ."

मोहितने कपाळावर हात मारला. "सस्तन! आरं तिच्या मारी! पंखांची फडफड ऐकून ऐकून मी त्याला पाखरूच समजत आलो की. घाईत त्येच तोंडात आलं." मग जरा दबकत त्याने विचारलं, "तू नाय ना ते नीट केलं?"

"न्हाई. तू सांगितलं तसंच लिवलं."

"आईशप्पत?"

"आईशप्पत."

त्याचं तोंड असं उजळलं, की मार्क गेलेल्या पोराचं ते तोंड आहे असं कुणी म्हटलं नसतं. चाचपडत त्याने तिचा खांदा धरला.

"मग झ्याक! आता इतिहास-भूगोलाला बी आसंच कर. बराबर उत्तरं कुणी बी लिवतं गं. माझ्या चुका माझ्या म्हणून लिवणारी तू एकटीच हायेस."