लाइट आल्यावर

“काका, लाइट आली. या, तुमच्या लाडक्याला उठवा,” इस्पितळातल्या रक्ततपासणीच्या खोलीतून ताईंनी हाक मारली.

काका कॉम्प्युटरसमोर बसले. इथले कॉम्प्युटर सांभाळायच्या नोकरीचा आज शेवटचा दिवस. लॉगिन केलं, एक आज्ञा टाइप केली, आणि रिपोर्ट छापणारा प्रोग्राम मुकाट्यानं चालू झाला.

“बघा. आम्ही कितीदा बंद-चालू केलं तरी ढिम्म.”

“लाडावलाय,” काका म्हणाले.

खरं कारण त्यांना ठाऊक होतं. रिपोर्ट कुठल्या फोल्डरमध्ये आहेत, हे प्रोग्रामला सांगणारी ओळ त्यांनी कधीकाळी स्वतःच्या लॉगिनच्या फाइलमध्ये लिहिली होती. काका लॉगिन करून आत शिरले की ती त्यांच्यासोबत यायची. मशीन एकटं जागं झालं की त्याला सांगणारं कुणी नसायचं. चूक सापडली तीन वर्षांपूर्वी, बायको गेली त्या महिन्यात. दुरुस्ती आधी राहिली, मग त्यांनीच राहू दिली. लाइट गेली की फोन वाजायचा, “काका, कुठं आहात?” एवढं विचारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

“उद्यापासूनही फोन करीनच हं,” ताई म्हणाल्या. “पण रविवारी लाइट गेली तेव्हा जीव टांगणीला लावलात. सात वेळा फोन केला.”

“दुपारी डोळा लागला होता.”

“ऑपरेशनला नेलेली बाई, आणि तिचा रिपोर्ट आत अडकलेला. शेवटी पुन्हा सगळं हातानं तपासलं. पाऊण तास गेला. वाचली ती. पण दारात उभ्या तिच्या नवऱ्याकडे बघवत नव्हतं.”

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग मशीन सुरू होताना आपणहून चालते ती आज्ञांची फाइल, स्क्रिप्ट, उघडली. ती ओळ तिथं लिहिली. पुढं चालणाऱ्या प्रोग्रामलाही ती मिळावी म्हणून खाली एक्सपोर्टची ओळ. स्वतःच्या फाइलमधली पुसून टाकली.

“ताई, एकदा बंद करून बघतो.”

“आत्ता तर उठवलात.”

त्यांनी मशीन बंद करून चालू केलं आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. काळ्या पडद्यावर अक्षरं धावली, अडखळली, थांबली. कुणी हाक मारली नाही, कुणी हात लावला नाही. प्रिंटर खुरखुरला. उरलेले रिपोर्ट एकामागून एक बाहेर आले.

“अगंबाई, आपला आपण उठला की,” ताई कागद गोळा करत म्हणाल्या. “आता तुमच्या झोपेचं खोबरं नाही व्हायचं.”

“नाही व्हायचं.”

ताई रिपोर्ट घेऊन लगबगीनं वॉर्डाकडे गेल्या. पडद्यावर लॉगिनचं नाव विचारणारी चौकट लुकलुकत होती. काकांनी तिथं आपलं नाव टाइप केलं नाही. मग खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि दार ओढून घेतलं.