शिवकांताबाईची हाक

मित्रांनो, मी एक म्हातारी वानरी आहे. माझा जन्म नळदुर्गच्या किल्ल्यातला. खाली बोरी नदी, तटावर पिंपळ, उंबर आणि चिंचा. वानराचं पोट पानांसाठी घडलेलं असतं, हे तुम्हाला कदाचित कुणी सांगितलं नसेल. कुठलं पान उन्हाळ्यात गार पडतं आणि कुठल्यानं पोट फुगतं, हे मी आईचं बघून शिकले.

बहात्तरच्या दुष्काळात पानंच उरली नाहीत. बोरी आटली. लोकांनी शेळ्यांसाठी फांद्या तोडून नेल्या. माझी आई तटावर बसल्या जागी गेली. माझ्या पोटाशी पहिलं पिल्लू होतं आणि अंगात दूध नव्हतं.

हमरस्त्याच्या कडेला शरणप्पांची लहानशी खानावळ होती. त्यांची बायको शिवकांताबाई. तिच्या घरातही रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी पोटभर नसायची. तरी तिनं एक कोर दगडावर ठेवली, शेजारी पाण्याची परात ठेवली आणि कानडीत हाक दिली, "बा, बा, तायी." म्हणजे ये गं माय, ये. ती आत गेल्यावर मी खाली उतरले. त्या भाकरीनं माझं पोट दुखलं, पण पिल्लू जगलं. तो उपकार मी आजही विसरलेली नाही.

पुढं पाऊस झाला, झाडं पालवली. माझ्यामागून उतरलेल्या आमच्या टोळीनं तेव्हाच किल्ल्यावर परत जायला हवं होतं. पण रस्त्यावर वर्दळ वाढली. कारखान्यांना ऊस नेणाऱ्या गाड्या, हैदराबादचे ट्रक. आम्हाला बघायला माणसं थांबतात हे शरणप्पांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पाटी रंगवून घेतली, 'वानरांचं हॉटेल'. गिऱ्हाइकं म्हणायची, "वहिनी, मारा की हाक!" शिवकांताबाई हाक मारायची आणि आमच्यापुढं भजी, बिस्किटं, गुळाचे खडे पडायचे.

पाला खायला दिवस जातो. बिस्किटाला एक घास पुरतो. माझ्या लेकींनी पाला सोडला. त्यांच्या पिल्लांनी तो कधी तोंडातच घेतला नाही. त्यांना ट्रकचा ब्रेक ओळखू यायचा, कागदाची पुडी फाटल्याचा आवाज ओळखू यायचा. मी नातीपुढं उंबराचं कोवळं पान धरलं तर तिनं ते हुंगून फेकलं. दात काळे पडले, पोटं फुगली, पिल्लं लवकर लवकर होऊ लागली. आणि माणसाची भीती पार गेली. आम्हाला वाटलं, हीच माया.

एके दुपारी माझ्या एका नातवानं एका मुलीच्या हातातलं केळं हिसकावलं. तिच्या मनगटाला नख लागून रक्त आलं. तिचा बाप ओरडला, "असली जनावरं पाळता कशाला?"

शरणप्पा हात जोडून म्हणाले, "आमी कुठं पाळलीत, साहेब? रानटी हायेत ती!"

मी पत्र्यावरच बसले होते. इतकी वर्षं आम्हाला दाखवून त्यांनी गिऱ्हाईक जमवलं होतं, आणि एका वाक्यात आम्ही कुणाचेच राहिलो नाही.

आठवड्याभरात खानावळीमागं लोखंडी पिंजरा आला. आत भाकरी होती, पण आम्ही कुणी गेलो नाही.

"तू हाक मार," शरणप्पा बायकोला म्हणाले.

"माझ्यानं न्हाय व्हायचं. म्याच जगवलं, आन् म्याच कोंडू व्हय?"

"तुझ्याच आवाजाला येत्यात ती. लई बोलू नगंस."

ती पिंजऱ्याजवळ गेली. मग पदरानं तोंड पुसून तिनं हाक दिली, "बा, बा, तायी."

सगळ्यांत पुढं मी गेले. कारण ती हाक कधीच खोटी निघाली नव्हती. माझ्यामागून सगळी आली. दार पडलं. शिवकांताबाईनं आमच्याकडं बघितलं नाही.

ट्रकनं आम्हाला माकणीजवळच्या माळावर आणून सोडलं. तिथं धरणाचं काम चालू होतं. मी कडुलिंबाचा पाला ओरबाडून खाल्ला. पोरं मात्र कुणीतरी काही आणून देईल म्हणून वाट बघत बसली. दोन पिल्लं तशीच गेली. बाकीची मजुरांच्या खोपटांकडं धावली आणि कुत्र्यांनी फाडली. नात तेवढी एक पाय लंगडत माझ्याकडं परत आली.

काल मुक्ताबाई नावाची एक मजूर बाई झाडाखाली आली. नातीचा पाय बघून ती कळवळली आणि तिनं भाकरीचा तुकडा पुढं केला. नात सरकली. मी मध्ये उडी घेतली आणि त्या बाईवर दात विचकले. आयुष्यात पहिल्यांदा.

"काय माजलीय ही! भाकर द्यावी तर चावाय उठतीय," असं म्हणत ती मागं सरली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती वाईट बाई नव्हती. शिवकांताबाईही वाईट नव्हती.

मित्रांनो, दुष्काळात झाडाखाली पाणी जरूर ठेवा. उंबराची एखादी फांदी आमच्यासाठी राहू द्या. पण हातातला घास आमच्यापुढं धरू नका. तुमची घटकाभराची करमणूक होते आणि आमच्या पिढ्या रान विसरतात.

नात कालपासून माझ्याकडं पाठ करून बसली आहे. बसू दे. संध्याकाळपर्यंत तिला भूक लागेल, आणि या माळावर लिंब पुष्कळ आहेत.