लाल नाडा

दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. गीताबाईची तर सोन्यासारखी लेक पोळून गेली होती. म्हणून धाकट्या शिवकन्येला त्याच घरात, त्याच जावयाला, रविराजला, द्यायची वेळ आली तेव्हा तिनं एकच अट घातली. "नवी शेगडी मी घिऊन येते. माझ्या डोळ्यांदेखत बसवायची. मगच हळद."

आता तुम्ही म्हणाल, बाई खुळी का काय? थोरली जिथं जळाली तिथंच धाकटी द्यायची? तर द्यायची, बाबा! वर्षाराणी मागं तान्ही पोर ठेवून गेली होती. पोरीला सावत्र आई येण्यापरीस सख्खी मावशी बरी, असं चार पाहुण्यांनी पान खात ठरवलं. पाहुण्यांचं काय जातंय? शिवकन्या मात्र तेव्हापासून धड जेवत नव्हती.

घाटनांदूरहून काचेच्या शेगडीचं खोकं मांडीवर घेऊन गीताबाई उमापूरला पोचली. लेकीच्या माघारी त्या स्वयंपाकघरात ती पहिल्यांदाच पाय ठेवत होती. आत ओट्यावर जुनीच शेगडी होती, वर्षाराणीच्या रुखवतातली. "ही अजून हितंच?" बाईनं विचारलं.

"शेगडी चांगली व्हती, ठिवली," व्याही मोहनराव दारातून म्हणाले. "नळी फुटून भडका झालता ना. नळी तेवढी जळून खाक झाली. तवाच नवी नळी घातली."

हेच ते गेल्या वर्षी ठाण्यात बोलले होते. आणि गीताबाईनं तोंडाला पदर लावून सांगितलं होतं, "आमची कुणावर तक्रार न्हाई." नशिबाला बोल लावला आणि घरी आली.

शेगडी बसवायला नवनाथ नावाचा फिटर आला होता. त्यानं आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, खिडकी सताड उघडली आणि कोपऱ्यातला देवाचा दिवा विझवायला सांगितला.

"आमच्या घरात देवाचा दिवा इझवत न्हाईत," मोहनराव गुरगुरले.

"इझवा," गीताबाई म्हणाली. घरातली पोर विझलेली चालली आणि दिवा चालत नाही होय, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं.

नवनाथनं शेगडी पुढं ओढली, मागं वाकून बघितलं. "मावशी, नळीच्या जोडाला नाडा बांधलाय. कापू का?"

गीताबाई पुढं झाली. लाल नाडा, त्यात ओवलेला काळा मणी. रुखवत मांडताना तिनंच हळदकुंकू वाहून तो नळीच्या तोंडाशी बांधला होता. "आई, गॅसला बी नाडा?" म्हणून वर्षाराणी खदाखदा हसली होती. "आसू दे गं, दिष्ट लागती," असं हिनं सांगितलं होतं.

नाडा तेलकट झाला होता, विटला होता, पण कुठं करपलेला नव्हता. सुती दोरा, नुसत्या काडीच्या धगीनं जळाला असता. नळी तीच, शाबूत. नाडा शाबूत. जळाली ती एकटी पोर. आणि ह्याच घरात मी दुसरी द्यायला निघालते! गीताबाईला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"कापू नको," ती म्हणाली. "शेगडी नळीसकट काढून ह्या खोक्यात घाल."

नवनाथनं नवी शेगडी बसवली, नवी नळी घालून क्लिप आवळली, रेग्युलेटर चालू करून जोडांना साबणाचा फेस लावला. गळतीचा बुडबुडा आला नाही. मग त्यानं शेगडी पेटवली, निळी ज्योत फुलली.

"झाली का खात्री, विहीणबाई?" मोहनराव हसले.

"झाली."

"मग हळद कवा धरायची?"

"हळद न्हाई आता. शेगडी ऱ्हाऊ द्या. तुमी अन तुमचा रविराज, रांधून खावा."

"अन ते भंगार कशाला नेता?" मोहनराव पुढं सरसावले. गीताबाईनं खोक्याचं झाकण उचलून नुसता नाडा दाखवला. त्यांचा हात तिथंच थांबला.

रस्त्यावर रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं जायचं, मावशी?"

"गेवराईला, पोलीस ठाण्यात," खोकं पोटाशी धरून ती म्हणाली. "माझी तक्रार हाय."