कुंपणाच्या खांबांनी बुजवलेली विहीर

मित्रांनो, मी एक जुनी तेलविहीर आहे. पण पश्चिम टेक्सासच्या या माळावर मला शोधाल तर सापडणार नाही. माझ्यावर आता गवत उगवलं आहे.

१९५१ साली ऑर्व्हल टॅकेट यांच्या कुरणात मला खोदलं. पहिलं तेल वर आलं तेव्हा ऑर्व्हलनी हॅट हवेत उडवली आणि माझ्या लोखंडी माथ्यावर थोपटलं. सात वर्षांत तेल आटलं. विहीर बंद करताना आत सिमेंट भरतात. पण सिमेंटची गाडी दोन दिवस आलीच नाही. खोळंबलेल्या कामगारांना ऑर्व्हल म्हणाले, "अरे, कुंपणाचे खांब पडलेत की ढीगभर! टाका आत, वर चिखल लोटा. कोण बघतंय?"

कागदावर मात्र ऑर्व्हलनी 'सिमेंट भरलं' असं लिहिलं. खांबांच्या गाडीवर त्यांची आठ वर्षांची मुलगी नेल्डा पाय हलवत बसली होती.

पुढे साठ वर्षं मला कुणी विचारलं नाही. मग शेजारी एका कंपनीनं जमिनीत कार्बन डायऑक्साइड दाबायला सुरुवात केली. तो खडकात अडकलेलं तेल सैल करतो आणि बराचसा तिथंच मुरून राहतो. हवेत जाण्यापेक्षा ते बरंच! पण माझे खांब कधीच कुजले होते. तो वायू माझ्यातून वर येऊ लागला.

जुन्या विहिरी तपासणारा कंपनीचा रोसेंडो माझ्यापाशी उभा राहून म्हाताऱ्या नेल्डाला म्हणाला, "मिस नेल्डा, हिच्यात सिमेंट नक्की भरलंय ना?"

"माझ्या डॅडींनी लिहिलंय ना? मग भरलंय. चल, गार चहा घे आणि कामाला लाग."

ती खोटं बोलली. मला फार वाईट वाटलं, पण मी काय करणार?

एका सकाळी वारा अगदी पडला होता. हवेपेक्षा जड असलेला तो वायू माझ्याजवळच्या खळग्यात साचला. त्याला ना रंग, ना वास, पण साचला की श्वास कोंडून जीव घेतो. नेल्डाचा कुत्रा डस्टर तिथं रोज पहुडायचा. त्या दिवशी तो उठलाच नाही. त्याला उचलायला नेल्डा खळग्यात उतरली.

"वाकू नका! आधी वर या!" फेरीवर आलेल्या रोसेंडोनं धावत येऊन तिला ओढून काढलं.

धापा टाकत ती म्हणाली, "सिमेंट नाहीये रे तिच्यात. खांब आहेत. मी होते त्या गाडीवर."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"डॅडींचं नाव खराब झालं असतं." आणि ती डस्टरकडे बघून रडायला लागली.

उद्या सिमेंटची गाडी येणार आहे. मित्रांनो, जे काम मातीआड जाणार, तेही मन लावून करा. आणि चुकलं असेल तर वेळेवर सांगा. माझ्या फटींतून वायू सुटतो, त्याचीच ही कुजबुज तुम्ही ऐकता आहात. उद्यापासून ती ऐकू आली नाही, तर समजा, या वेळी मला नीट बुजवलं.