हलकं लागलेलं ओझं

“ताई, नव्या संगणकात फायली नेताना पडद्यावरचं कोपऱ्यात छोटा बाण असलेलं चित्र उचलू नका हं. तो नुसता फाईलचा पत्ता असतो, घर नव्हे,” दुकानदार तिला बजावत होता. तिच्या कडेवरचं बाळ त्याचं पेन ओढत होतं. “माहीत आहे हो दादा, शिकलेली आहे मी,” म्हणत तिने मला पिशवीत टाकलं.

मित्रांनो, मी एक केबल आहे. आता जुनी झाले. माझी दोन्ही टोकं सारखी आणि मधोमध एक गाठ. साध्या केबलने दोन संगणकांची बोलणी जमत नाहीत. ती जमवणारी चिप माझ्या गाठीत आहे. कारखान्यात मला ताणून, वाकवून पाहिलं, तेव्हापासून स्वस्थ बसणं मला माहीतच नव्हतं.

घरी टेबलावर नवा संगणक आला होता. जुना नणंदेच्या मुलीला जायचा होता. पण त्यात माझ्या मालकिणीच्या बाबांचा आवाज होता! घशाच्या ऑपरेशननंतर बोलता येणार नाही हे कळल्यावर बाबांनी येणाऱ्या नातवासाठी गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. आता ते खिडकीजवळ गप्प बसून असत.

तिने मला दोन्हीकडे जोडलं. तिचं सगळं लक्ष बाळाच्या हातांकडे, ते विजेच्या बोर्डाकडे तर जात नाहीत ना! त्या गडबडीत तिने पडद्यावरचं ‘बाबांच्या गोष्टी’ हे चित्र, कोपऱ्यातला बाण न बघताच, उचललं आणि नव्या संगणकावर टाकलं.

एवढंच? गोष्टींची अख्खी पेटी, आणि माझ्या अंगावरून जणू माशी उडून गेली! मी तळमळले. पण मला विचारतो कोण? नव्या पडद्यावर नाव तर झळकलं होतं.

“झालं ना वहिनी? मग पुसते मी यातलं सगळं. पोरीला कोरी पाटी हवी,” नणंद म्हणाली.

“थांबा ना ताई, एकदा बघू का परत?”

“अगं, तू झोपलेल्या बाळालाही उठवून विचारशील, झोपलास का रे म्हणून!”

ती ओशाळून हसली. तेवढ्यात बाबा उठून आले. त्यांनी नव्या संगणकाकडे बोट दाखवलं, मग बाळाच्या कानाकडे.

“नंतर ऐकवू ना बाबा त्याला,” लेक म्हणाली.

नणंदेचं बोट बटणावर जाणार, तोच बाबांनी तिचं मनगट धरलं.

“बरं बाबा, बरं!” कुरकुरत लेकीने नव्या संगणकावर गोष्ट लावली. पडद्यावर उमटलं, ‘फाईल सापडत नाही’. पुन्हा लावली. पुन्हा तेच. ती झटकन नणंदेकडे वळली.

“ताई, हात काढा! काही दाबू नका!”

जुन्या संगणकात शोधशोध शोधून तिने गोष्टींचा खरा साठा काढला. या वेळी ओझं असं भरभक्कम की माझी गाठ तापली. मी जीव मुठीत धरून वाहत राहिले.

मग खोलीत बाबांचा घोगरा आवाज घुमला, “तर काय झालं राजा, एक होतं आळशी गाढव...” बाळ स्पीकरकडे वळलं. बाबा त्याच्यासमोर बसले आणि आवाजाबरोबर ओठ हलवू लागले. बाळ त्यांच्या तोंडाकडे बघत खुदखुदून हसलं. बाबाच बोलत होते की!

तेव्हा माझं कौतुक झालं, मग मी खणात गेले. त्याचं काही नाही. पण मित्रांनो, ज्याची हाक कुणाला ऐकू जात नाही, असं कुणी तुमच्या घरात असेल, शेजारी असेल. ‘ठीकच असतील’ असं धरून चालू नका. उठा, आधी त्यांच्याकडे जाऊन या.